कातडं आणि काप

मायक्रोटोमची पात पाच मायक्रॉनवर लावली
की मला आप्पांची रापी आठवते.
सुभाषनगरात, ओट्यावर, पायाच्या अंगठ्यात कातडं धरून
ते एका दमात तळ कापायचे
आणि म्हणायचे, थर हाताला कळाय पायजे,
डोळा काय, डोळा फसतोय.

आज सीपीआरवरून आलेल्या बरणीत अधिवृक्क आहे.
मूत्रपिंडाच्या डोक्यावरची चपटी टोपी,
जेमतेम पाच ग्रॅम.
गुजरीत एवढ्यात एक अंगठी होईल, तीही बारीक.
कापली की कडेला पिवळीजर्द,
आत तपकिरी, पिकलेल्या फळाला मुकामार लागावा तशी.

एकदाच कापली होती मी
जन्माआधीच गेलेल्या बाळाची.
चिठ्ठीवर फक्त, बेबी ऑफ शेवंता.
बाळाच्या मानाने ग्रंथी केवढी मोठी!
कडेला नव्या थराची नुसती रेघ,
आणि आत तो जाडजूड भाग
जो फक्त पोटातल्या दिवसांसाठी असतो,
जन्मल्यावर काही महिन्यांत विरघळून जातो,
अंगडं आखूड झालं की घडी घालून ठेवावं तसा.
तिचा विरघळला नाही.
त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मुजावर मॅडम पोरांना सांगतात,
पेशी जन्मते काठावर, आवरणाच्या लगेच खाली.
तिथे गोल पुंजके करून बसते, मीठ राखते.
अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ नये म्हणून निरोप धाडते.
मग आत सरकते.
तीच पेशी आता उभ्या रांगेत, पोटात चरबीचे थेंब,
त्यांतून कॉर्टिसॉल घडवते.
पहाटे, आपल्याला जाग येण्याआधी,
चूल पेटवून ठेवते अंगात.
आणखी आत जाळी. तिथलं काम उशिरा सुरू होतं,
पोर सहा-सात वर्षांचं झाल्यावर,
काखेतल्या पहिल्या केसाची तयारी.
आणि तिथेच, तपकिरी हद्दीपाशी, ती संपते.
बहुतेक असंच, म्हणतात मॅडम. उंदरात तरी असंच दिसलं.

पोरं लिहून घेतात.
मी मागे काचा पुसत उभी.

आप्पा पोरवयात कच्च्या चामड्याला मीठ चोळायचे,
बोटं फुटून जेवताना झोंबायचं.
मग हिरड्या-बाभळीच्या पाण्यात वर्षं गेली.
मग रापी, तीस वर्षं.
रापी जड झाली तेव्हा आईशेजारी सरकून बसले,
पट्ट्यांची बारीक वेणी घालायला शिकले,
बायकांचं काम म्हणून हसणाऱ्यांकडे न बघता.

मधला तपकिरी मात्र या घरातला नाही.
तो मज्जातंतूंचा भाऊबंद,
कण्याच्या कडेकडेने चालत आला
आणि आत शिरून राहिला.
एरवी गप्प.

एकोणीसच्या महापुरात
दुधाळीत आत्याच्या घरात पाणी कमरेला लागलं तेव्हा
एकोणसत्तर वर्षांच्या आप्पांनी तिला पाठीवर घेतली
आणि लोखंडी जिना चढले, न थांबता.
वर पोचल्यावर हात थरथरायला लागले.
चहाचा कप धरवेना.
मला म्हणाले, "कोण चढलं गं त्यो जिना?"

त्यांना एकदा प्रयोगशाळेत आणलं.
चष्मा कपाळावर सारून
मायक्रोस्कोपावर वाकले, बराच वेळ.
गुलाबी, जांभळं, पुंजके, रांगा, जाळी.
"शिवण कुठं हाय?"
शिवण नसते, आप्पा.
"खळ?"
तीही नाही.
"मग एवढे थर धरून कशानं ऱ्हायलेत?"

पुस्तकात याचं उत्तर आहे. मी वाचलंय.
पण ते तेवढ्यात काच हातात घेऊन
अंगठ्याने तिची कड चाचपायला लागले,
आणि मी म्हटलं, हळू, हात कापेल.